म्हातारीला पगार, सुनेला काय?



गाळपाच्या धामधुमीत हा विषय आडवळणाचा वाटेल, पण जरा वाचा. मागे आम्ही ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या डोळखांब भागात गेलो होतो. तिथं ऊस नाही. आजोबाच्या डोंगराखाली भात, नागली, वरई आणि जंगल. भाताची झोडणी उरकली की पाड्यांवरची कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं.

एका पाड्यावर अंथरुणाला खिळलेली आजी भेटली. तिच्यासाठी सून यंदा भट्टीवर गेली नव्हती. उचलून बसवणं, अंग पुसणं, भरवणं, घाण काढणं, सगळं तिच्याकडं. आम्ही विचारलं, "सरकारचं काही मिळतं का?"

"म्हातारीला पगार मिळतो ना. माझी रोजी कोण देणार?"

बाई खरं बोलली. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरील गरीब वृद्धांना 2023 पासून महिना 1500 रुपये झाले. आधी 1000 होते. 2025-26 साली रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे आजीचा महिन्याचा पगार सुनेच्या पाच दिवसांच्या मजुरीइतकाही नाही. आणि तो आजीच्या पोटासाठी आहे, सेवेसाठी नव्हे.

2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार मिळू लागले. चांगलं झालं. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी आणल्यावर कूस कोण बदलणार? 2007 चा कायदा आईबापांच्या पोटगीसाठी प्रांतांकडं दाद मागू देतो. ज्याची स्वतःचीच चूल जेमतेम पेटते, त्याच्याकडून काय वसूल करणार?

जपाननं 2000 साली यासाठी वेगळा विमा काढला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून हप्ता घेतात. निम्मा खर्च त्यातून, निम्मा सरकारी करातून. म्हाताऱ्याला अंघोळ घालायला माणूस घरी येतो, आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच भरावा लागतो. जर्मनीत 1995 पासून असा विमा आहे. तिथं घरच्यांनीच सेवा केली तर रोख रक्कम मिळते. आमच्या मते डोळखांबच्या सुनेला हीच रीत जवळची.

कपातीचं नाव काढलं की आपण कुरकुरतो, आम्हीही. पण टनामागे रुपया-दोन रुपये जमवून काय उभं राहतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे 10 रुपये ठरले, ते याच वाटेनं. बीडकडून आपल्या फडावर येणाऱ्या टोळ्यांची म्हातारी माणसंही गावी अशीच एकटी असतात, हे तरी आपण विसरू नये.

घरी सेवा करणाऱ्याला सरकारनं मानधन द्यावं, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडण्याचा आमचा विचार आहे. सभासदांनी आपापल्या गट ऑफिसात लेखी सूचना द्याव्यात. घरात अंथरुणावर कोणी असेल तर किती वर्षं आणि सेवा कोण करतं, तेवढं जरूर लिहावं.