सावंतवाडीची लाकडी खेळणी : बालपणाचा अक्षय ठेवा

दरवर्षी बाजारात नवनवी खेळणी येतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेक माळ्यावर जातात. काही खेळण्यांना मात्र हा नियम लागू पडत नाही. भातुकली, भोवरा, बैलगाडी, पांगुळगाडा ही नावे आजोबांच्या तोंडी होती, तीच आज नातवंडांच्याही तोंडी आहेत. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत भाजक्या मातीच्या चिमुकल्या गाड्या, शिट्ट्या आणि प्राणी सापडले आहेत. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती गाडी आणि आज कोकणातील दुकानात मांडलेली लाकडी बैलगाडी यांच्या घडणीत फारसे अंतर नाही.

चितारआळीची किमया

महाराष्ट्रात अशा खेळण्यांचे माहेर म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी. मोती तलावापासून जवळच असलेली चितारआळी चिताऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. येथील दुकानांत आंबा, केळी, सीताफळ, वांगी, मिरची अशी लाकडी फळे व भाज्या टोपल्यांत रचलेली असतात. त्यांचे रंग इतके हुबेहूब असतात की नवखा पाहुणा फळ उचलून पाहतो आणि मगच त्याची खात्री पटते. फळांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरतात. ते वजनाला हलके व कोरायला मऊ असते. लाकूड नीट वाळवायचे, आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायचे आणि मग रंगाचे हात द्यायचे, असा हा क्रम आहे. यातील एकाही पायरीची घाई चालत नाही. लाकूड ओले राहिले तर पुढे त्याला तडा जातो आणि सारा रंग वाया जातो.

याच गावाने गंजिफाही जपली. हाताने रंगविलेल्या गोल पानांचा हा खेळ. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण 120 पाने असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे हात सावंतवाडीतही जवळजवळ संपले होते. तेव्हा श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम दिले, नवे हात शिकविले आणि विझत आलेली परंपरा पुन्हा उजळली.

खेळणे साधे, शिकवण मोठी

ही खेळणी जुनी का होत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या साधेपणात आहे. कळ दाबताच नाचणारे खेळणे स्वतःच खेळते आणि मूल केवळ पाहत राहते. लाकडी गाडी स्वतः काहीच करीत नाही. म्हणून ती सकाळी धान्याची गाडी होते आणि संध्याकाळी वरातीची. भोवऱ्याला जाळी घट्ट गुंडाळावी लागते, नेमका झटका द्यावा लागतो. वेगात असेतो तो आरेवर ताठ उभा राहतो, वेग ओसरला की डोलू लागतो. भौतिकशास्त्राचा हा पहिला धडा मूल पुस्तकाआधीच गिरवते.

भातुकलीतील जाते, पोळपाट-लाटणे, सूप, परात यांतून घर कसे चालते ते उमगते. वाटून खाणे आणि पाहुण्याला आधी वाढणे हे संस्कार तेथेच रुजतात. करवंट्यांची तागडी करून दुकान-दुकान खेळणारे मूल तर व्यापाराचे मूळ सूत्रच शिकते. दोन्ही पारडी समान झाल्याशिवाय माल द्यायचा नाही.

व्यवहाराची बाजू

खेळण्यांच्या व्यापारात गेल्या काही वर्षांत मोठे बदल झाले आहेत. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के करण्यात आले. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. केंद्राच्या हस्तशिल्प विभागाकडे नोंदणी झालेले कारागीर स्वतः बनवून विकत असलेल्या वस्तूंना त्यातून सूट मिळाली. तथापि मुलाच्या हाती खेळणे देण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. ओल्या फडक्याने रंग निघत नाही ना, कडा टोचत नाहीत ना, तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात जाईल असा सुटा भाग नाही ना? लाकडी खेळणी पाण्यात बुडवून धुऊ नयेत. कोरड्या कापडाने पुसावीत.

खरा प्रश्न मोलाचा आहे. साच्यातून झरझर निघणाऱ्या प्लास्टिकच्या आंब्याशी हाताने कोरलेला आंबा किमतीत स्पर्धा करू शकत नाही. गिऱ्हाइकाने घासाघीस करून दहा रुपये कमी केले, तर ते लाकडातून किंवा रंगातून निघत नाहीत. ते कारागिराच्या मजुरीतूनच निघतात. ती मजुरी पुरेनाशी झाली की कारागिराचा मुलगा गोव्यात वा मुंबईत नोकरी शोधतो आणि बापाच्या हातातील कसब बापाबरोबरच थांबते. पेढी एका पिढीत उभी राहत नाही आणि एकदा बंद पडली की जुने गिऱ्हाईक परत जोडणे किती कठीण, हे व्यापारी घराण्यांना सांगायला नको. कारागिरीचेही तसेच आहे.

वाढदिवसाला किंवा दिवाळीला घरात जी खेळणी येतात, त्यांत एखादी लाकडी बैलगाडी, एखादा भातुकलीचा संच असावा. चाक निखळले तर खुंटी ठोकून ते पुन्हा बसविता येते. मूल मोठे झाले की तेच खेळणे धाकट्या भावंडाकडे जाते आणि पुढे कपाटात जपून ठेवले तर आणखी एका पिढीच्या हाती पडते. तीन पिढ्यांना पुरणारी वस्तू महाग म्हणता येत नाही.