थ्रीडी बघताना काय बघायचं?

ठाकुर्लीतल्या एका नव्या टॉवरमधली बेडरूम, दहा बाय दहाची. पलंग साडेसहा फूट लांब, त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोल कपाट. मध्ये उरला दीड फूट. कपाटाला उघडणारी दारं लावली तर ती पलंगाला अडणार. हे प्लॅनवर दाखवलं की घरचे मान डोलावतात आणि सुतार आल्यावर वाद सुरू होतो.

मी डोंबिवलीत इंटिरियरची कामं करते. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खोली उभी करून दाखवली की हे वाद स्क्रीनवरच मिटतात. त्याहून मोठा फायदा म्हणजे, प्लॅन न वाचता येणारं माणूसही बोलू लागतं. याच घरात आम्ही देवघर हॉलमध्ये टीव्हीशेजारी घेतलं होतं. नवराबायकोला पसंत होतं. थ्रीडी बघून सासूबाई म्हणाल्या, "ताई, दार उघडलं की चपलांच्या रॅकसमोरच देव दिसतायत." देवघर स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलं. प्लायवूडला करवत लागण्याआधी हे कळलं, याचं मला फार मोल वाटतं.

कामाआधी चित्रात बदल दाखवण्याची ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधला बागरचनाकार हंफ्री रेप्टन अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रावर कागदाची झडप लावायचा. ती उचलली की बदललेली बाग दिसायची.

पण ज्या चित्रावर घरातले सगळे विसंबतात, ते खरं असायला हवं. वाइड अँगल कॅमेऱ्याने अकरा फुटांचा हॉल पंधराचा भासतो. खिडकीबाहेर निळं आकाश टाकलं जातं. प्रत्यक्षात समोर शेजारच्या इमारतीच्या ग्रिल असतात. म्हणून मी कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवते, समोरची इमारतही दाखवते आणि रात्रीचं एक चित्र देतेच. 3000 केल्विनच्या पिवळ्या आणि 6500च्या पांढऱ्या उजेडात एकच लॅमिनेट वेगळं दिसतं. तरीही लॅमिनेटचा तुकडा घरात नेऊन बघावा, आणि पलंग-कपाट खडूने फरशीवर आखून मधून चालून बघावं.

2016च्या रेरा कायद्यातलं कलम 12 बिल्डरच्या चुकीच्या जाहिरातीपासून आणि सॅम्पल फ्लॅटपासून ग्राहकाला संरक्षण देतं. आम्हा इंटिरियरवाल्यांना ते लागू नाही. तेव्हा ॲडव्हान्स देण्याआधी प्रत्येक चित्राखाली मापं, प्लायवूडचा ग्रेड आणि लॅमिनेटचा नंबर लिहून घ्या, आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या करा.