चालीत सभा पकडणारे वामनदादा कर्डक

जालना जिल्ह्यात एप्रिल आला की गावागावांत भीमगीतांचे स्पीकर लागतात. अंबड, परतूर, भोकरदन, कुठेही जा, त्यात वामनदादांचं गाणं असतंच. पण ते लिहिलं कुणी, हे नाचणाऱ्या पोरांना विचारून बघा!

वामन तबाजी कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, देशवंडी, तालुका सिन्नर. शाळा नशिबी नव्हती. मुंबईत कोळशाच्या वखारीत, गिरणीत राबले. कुणी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, या लाजेपोटी तरुणपणी अक्षरं गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचून सराव केला. 1943 मध्ये नायगावला बाबासाहेबांना पाहिलं, त्याच वर्षी पहिलं गाणं केलं. तेही हिंदी सिनेमाच्या चालीवर विडंबन!

लिहायचे तेच, गायचे तेच. सोबत ढोलकी, पेटी आणि गावोगावची पायपीट. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा. संतांच्या अभंगांतली रीत त्यांनी थेट चळवळीच्या गाण्यात आणली. मला त्यांची खरी ताकद इथेच दिसते: भाषा शेतमजुराची, यमक पक्कं, आणि ध्रुवपद असं की दुसऱ्या फेरीला अख्खी सभा म्हणू लागते.

लावणीतही हात तयार होता बरं का. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या सिनेमासाठीही त्यांनी लिहिलं. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे गीतसंग्रह मिळाले तर जरूर घ्या. 15 मे 2004 रोजी दादा गेले.

तुमच्या गावच्या गायनपार्टीकडे त्यांची जुनी कॅसेट असेल तर कमेंटमध्ये कळवा.