रक्तनमुन्याचे जोडचित्र

तापाच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हिवतापाचे जंतू शोधले जातात. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हे जंतू पाहिले, ते याच साधनाने.

हजारपट मोठे करून पाहताना एका वेळी जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो. यास्तव काचपट्टी थोडी थोडी सरकवीत डिजिटल कॅमेऱ्याने ओळीने छायाचित्रे घ्यावयाची व संगणकावर ती जोडावयाची, अशी पद्धत आहे. प्रत्येक छायाचित्रात आधीच्याचा सुमारे पाव भाग पुन्हा यावा. त्यातील समान खुणांवरूनच संगणक जोड जुळवितो. प्रकाश व रंगाची योजना आरंभी ठरवून अखेरपर्यंत बदलू नये. अन्यथा चित्रात सांधे उमटतात. रक्ताचा थर सर्वत्र सारखा नसल्याने प्रत्येक वेळी प्रतिमा स्पष्ट करून घ्यावी.

अशा जोडचित्रामुळे दूरच्या तज्ज्ञाचे मत घेता येते, तसेच संपूर्ण वर्गास एकाच वेळी रक्तनमुना दाखविता येतो. मात्र मधला एखादा भाग सुटल्यास तेथील जंतूही नजरेआड होतो व रुग्ण उपचाराविना राहण्याचा धोका संभवतो. म्हणून मूळ काचपट्टी जपून ठेवावी. जोडचित्र हे तपासणीचे साहाय्यक होय, पर्याय नव्हे.