सरपणाचा हिशेब

घरखर्चाच्या वहींत दूध, भाजी, किराणा, वाण्याची उधारी सारें कांहीं लिहिलें जातें. परंतु ज्या घरीं चूल पेटते, तेथें सरपणाचें पान बहुधा कोरेंच असतें. बांधावरची बाभूळ छाटली, काटक्या वेंचल्या, मोळी डोक्यावरून घरीं आली. पैसा गेला नाहीं, मग लिहावयाचें तें काय?

आंबेगांव तालुक्यांतील अवसरी खुर्द हें मंचरजवळचें गांव घ्या. येथें शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तरी या टापूंत हिंडतांना ओट्यावर गॅस व पडवींत चूल असा दुहेरी संसार दिसतो. चहा-भाजी गॅसवर, बाजरीची भाकरी, आंघोळीचें पाणी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवर. पुणें-नाशिक रस्त्यावर तर 'चुलीवरचें जेवण' अशा पाट्या पाहून शहरवासी मुद्दाम थांबतात. चव गोड लागते खरी, पण फुंकणी त्यांच्या हातीं नसते!

वाळक्या लांकडांत किलोमागें सुमारें ४,००० उष्मांक असतात, गॅसमध्यें सुमारें ११,०००. साध्या चुलीवर त्यांतला दहा-बारा टक्केच भाग भांड्यास लागतो. बाकीचा भिंतीला, वाऱ्याला आणि रांधणारीच्या तोंडाला. गॅसच्या शेगडीवर साठ टक्क्यांच्या आसपास भाग कामीं येतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका टाकीचें काम करावयास दोनशें किलो, जुन्या मापानें पांच मणांहून अधिक, लांकूड लागेल. मोळी वीस किलोंची धरली तर दहा खेपा झाल्या. टाकीचे पैसे बहुधा पुरुषाच्या खिशांतून जातात, म्हणून ती महाग वाटते. खेपा बाईच्या पाठीवरून जातात, म्हणून सरपण फुकट ठरतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें गरीब घरीं पहिली टाकी पोंचविली. पुढची घेतांना हात कां आखडतो, याचें उत्तर पुष्कळसें यांतच आहे.

धुराचा खर्च तर वहींत येतच नाहीं. विडी-सिगारेट कधीं न ओढलेल्या स्त्रियांना दम्यासारखा चिवट श्वासविकार जडतो, आणि जगाचा विचार करतां त्याचें सर्वांत मोठें कारण लांकूड-गोवऱ्यांचा धूर असूं शकेल, असें पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतल्या अशा धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं.

चूल सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल जुन्या मंडळींस आठवेल. पुढें केंद्र सरकारनें १९८३ पासून सुमारें दोन दशकें सुधारित चुलींचा कार्यक्रम चालविला. पण धुराडें काजळीनें बुजलें कीं धूर पुन्हां घरांत. आणि तें झाडावयाचें कोणी, याचा विचार चूल देणाऱ्यांनीं फारसा केला नाहीं. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यांतील 'आरती' संस्थेनें वाट बदलली. उसाचें पाचट शेतांतच जाळून टाकण्याऐवजीं त्याचा कोळसा करण्याच्या तिच्या पद्धतीस २००२ सालीं इंग्लंडचें ॲशडेन पारितोषिक मिळालें. कोळशाला धूर नसतो. मात्र त्यापासून निघणारा विषारी वायु डोळ्यांना दिसत नाहीं व नाकाला कळत नाहीं. म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलींत, विशेषतः बाळंतिणीच्या, कधींही ठेवूं नये.

ज्यांचें गांवीं घर आहे, त्यांनीं आरंभ न्हाणीपासून करावा. एकत्र कुटुंबांत सकाळचा बंबच पुष्कळ लांकूड खातो, आणि त्या पाण्याला चुलीची चव लागत नाहीं! गच्चीवर सौरबंब बसविला तर आठ महिने तरी तें जळण वांचतें. भाकरीची चूल ठेवावयाचीच असेल, तर ती परसांत, उघड्यावर असावी. ओल्या लांकडांत निम्मेपर्यंत पाणी असतें. जळण आधीं तें उकळण्यांत खर्चीं पडतें, मग भांड्याकडे वळतें. यास्तव लांकूड उन्हाळ्यांतच फोडून, बारीक करून, छपराखालीं रचावें. डाळ भिजत घालावी, भांड्यावर झांकण असावें. आणि वहींत सरपणाचें पान उघडून मोळ्यांबरोबर त्यांस लागलेले तासही टिपावे. महिनाअखेर तें पान टाकीच्या पावतीशेजारीं ठेवून घरच्या कर्त्या पुरुषांसमोर वाचावें.