आरोळी दाबणारा जंत

आपल्या आतड्यात एक जंत बिऱ्हाड करतो. तो जेमतेम अर्धा इंच लांब असतो. त्याचे डोके आकड्यासारखे वाकलेले असते, म्हणून त्याला अंकुशकृमी म्हणतात. दवाखान्यात त्याला हूकवर्म म्हणतात.

हा जंत बहुधा पायांतून येतो. माणसे उघड्यावर शौचाला बसली की त्याची अंडी मातीत पडतात. ओल्या मातीत अंड्यांतून अळ्या निघतात. अनवाणी पाय पडला की अळी कातडीतून आत शिरते. लूस नावाच्या शास्त्रज्ञांनी १८९८ साली कैरो शहरात हे प्रथम सांगितले. अळ्यांचे पाणी त्यांच्याच हातावर सांडले होते! पुढे अळी रक्तातून फुप्फुसात, तेथून घशात आणि मग आतड्यात जाते. तेथे ती मोठी होते आणि रक्त पिऊ लागते.

मग आपले शरीर गप्प का बसते? ते गप्प बसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. गावात चोर आला की एकजण आरोळी ठोकतो आणि बाकीचे काठ्या घेऊन धावतात. शरीरातही तसेच होते. जेथे जंत असतो, तेथल्या पेशी एक द्रव्य सोडतात. हीच आरोळी. ती ऐकून जंतांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात.

येथे जंत आपली युक्ती करतो. तो विकर सोडतो. विकर म्हणजे काय? भाकरीचा घास बराच वेळ चावून बघा, गोड लागतो. लाळेतला विकर पिठाची साखर करतो. आम्ही वर्गात मुलांना हेच करून बघायला सांगत असू. जंताचा विकर मात्र त्या आरोळीच्या द्रव्याचेच तुकडे करतो. आरोळी वाटेतच विरते. संशोधकांनी २००० साली प्रयोग करून हे दाखवले. उंदरांतल्या अशाच एका जंतावरही पुढे प्रयोग झाले. पांढऱ्या पेशी अळीभोवती धाग्यांचे जाळे टाकतात. अळीचा विकर तेही जाळे कापतो.

म्हणून हा जंत वर्षानुवर्षे पोटात राहू शकतो. एक जंत दिवसाला थेंब-दोन थेंबच रक्त पितो. पण शेकडो जंत असले म्हणजे? अंगातले रक्त कमी होते. माणूस पांढरा पडतो, कामाला धाप लागते. घरचे म्हणतात, हा आळशी झाला. गरोदर बाईला तर फारच धोका.

“आमचे अंग काटक, आम्हांला जंत काय करणार?” असे काहीजण म्हणतात. पण जो राखणदाराला फसवतो, त्याच्यापुढे काटक अंगाचेही चालत नाही. तपासणी करून घ्या. डॉक्टर जंताची गोळी देतात, ती घ्या. मुलांना शाळेत व अंगणवाडीत ही गोळी मिळते, ती चुकवू नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी.

गोळीने आतले जंत मरतात, पण नवे येणे थांबत नाही. त्यासाठी पायात वहाण हवी आणि घरोघर संडास वापरात हवा. चोर आत शिरण्याआधीच दार लावलेले बरे.