नवी काचपेटी आणि पाण्यातील जीवाणू

मोठ्या काचपेटीत हलविलेले मासे कित्येकदा नितळ पाण्यातही आठवडा-दोन आठवड्यांत दगावतात. याचे कारण अमोनिया होय. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून हे विष निर्माण होते. काही जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू मुख्यतः वाळूवर व गाळणीत वसतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून जुनी वाळू व गाळणी नळाखाली न धुता नव्या पेटीत घालावी. जबलपूरच्या ओमतीसारख्या शहरी वस्तीत नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जीवाणू या दोहोंसही घातक ठरतो. तेव्हा ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच वापरावे. पहिला महिनाभर खाद्य बेताचेच द्यावे.